कोटांची खोली

मी कोट सांभाळते.
शनिवारी रात्री, फ्राय बेंतोसच्या कामगार क्लबात,
दारातून डाव्या हाताला
एक फळी आणि मागे दीडशे खिळे.
नाच मला दिसत नाही.
ऐकू येतो, तोही लोकरीतून गाळून.

जुलैचा गारठा नदीवरून चालत येतो.
माणसं कोट काढतात
आणि आठवडाभर तोंडात धरलेलं माझ्या फळीवर टाकतात.
या हिवाळ्यात एकच विषय:
सांगिनेत्ती की बर्गारा.

मांसाच्या कारखान्यातला ओराशियो म्हणतो,
"बर्गारा? पोरगं घोड्यावर बसलंय
आणि लगाम घरी विसरलंय.
सांगिनेत्ती थांबायचा.
दोन सुरांच्या मधे एवढी जागा ठेवायचा
की तेवढ्यात बायकोची माफी मागून व्हायची."

टेलिफोनवाली तेल्मा, हातमोजे ओढत:
"तुमच्या माफ्या ऐकून ती विटली असेल.
बर्गाराची चार व्हायोलिनं एकदम उठतात ना,
माझ्या टाचा मला विचारायलासुद्धा थांबत नाहीत."

न्हावी बाउतिस्ता बोलतो तेव्हा
हवेत वस्तरा असल्यासारखा हात धरतो.
"पोराचा हात तयार आहे, मान्य.
पण त्याचं बांदोनिऑन श्वास घेत नाही, धापा टाकतं."
"धाप तुम्हाला लागते, बाउतिस्ता!"
रांगेतून कुणीतरी.

सोरिया बंधू इतकी वर्षं एकाच खिळ्यावर दोघांचे कोट लावायचे.
जूनपासून दोन बिल्ले मागतात.

मला कुणी विचारत नाही, ते बरंच.
माझं लग्न सांगिनेत्तीच्या एका वाल्सवर ठरलं
आणि मोडलं तेही त्याच वाल्सवर.
अशा बाईचं मत धरू नये.

मग तो शनिवार.
नाच सुरू होऊन तास झाला होता.
कॉलर कानापर्यंत चढवून एक म्हातारा आला.
मी सवयीनं बिल्ला पुढे केला, एकेचाळीस.
त्यानं तो घेतला, कोट काढलाच नाही.
बोटांची पेरं सुजलेली,
ती बोटं मी ओळखली. भिंतीवरच्या जाहिरातीत
वीस वर्षं पाहिली होती, चेहऱ्याआधी तीच दिसायची.

"आत नको," तो म्हणाला. "इथं उभा राहू?"

चरबीच्या, तंबाखूच्या, ओल्या लोकरीच्या वासात
सांगिनेत्ती उभा राहिला.
आत बर्गारानं त्याचीच चाल काढली,
तीच, माफीवाली.
म्हाताऱ्याचं एक बोट फळीवर ठेका धरू लागलं,
आतल्या ठेक्याच्या किंचित मागे.
की आतलाच पुढे पळत होता?
दोन्ही माझ्या कानात पडत होते,
मला तरी फोड करता आली नाही.

मग ती जागा आली.
बर्गारा थांबला.
थोडाच, पण थांबला,
आणि पुन्हा सुटला.
फळीच्या वर म्हाताऱ्याचं बोट
अजून उचललेलंच होतं.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं,
"वादकांना पैसे वेळेवर देतो का?"
मी म्हटलं, देतो म्हणतात.
त्यानं मान हलवली.
"मी देत नव्हतो."

मला काहीतरी द्यावं म्हणून खिशात हात घातला,
रिकामाच बाहेर काढला,
आणि नदीच्या बाजूला निघून गेला.

मध्यरात्री सगळे घामेजून फळीशी.
"पाहिलंस? त्या जागी थांबला नाही," ओराशियो.
"थांबला," तेल्मा.
"नाही."
"थांबला. तुम्ही तेव्हा खोकत होता."
बाउतिस्ताला वाटलं मी काही बोलणार.
मी त्याचा मफलर शोधत होते.

एकेचाळीस नंबरचा बिल्ला परत आला नाही.
सोमवारी मॅनेजरनं माझ्या पगारातून
वीस सेंतेसिमो कापले.
कुणी हरवला, विचारत होता.
मी म्हटलं, गर्दी होती.